ओरड

"ओरड ना ग बेटा. मोठ्यानं ओरड. इथं कोण तुला अडवतंय?" ऊर्मिलाबेन म्हणाल्या, आणि खाटेवर पडलेली कोकिळा एकदम दचकली. कळांनी ती दचकत नव्हती. कळा पहाटेपासून येत होत्या आणि आता दुपार व्हायला आली होती; त्यांची चाल तिला कळून चुकली होती. कमरेतून निघायचं, पोट आवळत पुढं यायचं, तिथं जरा रेंगाळायचं आणि मुकाट निघून जायचं. हे वाक्य मात्र अनोळखी होतं. दातांत धरलेला ओढणीचा बोळा तिनं तसाच ठेवला आणि नुसते डोळे फिरवून ऊर्मिलाबेनच्या तोंडाकडं पाहिलं. हसतायत का? ओठाची एक कड वर गेलीय का? अशा वाक्यांना शेपूट असतं. माणूस आधी गोड बोलतं, आपण भुलतो, आणि मग मागून ते शेपूट सपकन बसतं. ती शेपटाची वाट पाहत राहिली. ऊर्मिलाबेन हातमोजे चढवत होत्या. जाड भिंगांचा चष्मा, मानेवर उठलेलं घामोळं, कानांत बारीकशा रिंगा. नर्स म्हणून उभं आयुष्य काढलेल्या बाईचं तोंड होतं ते, थकलेलं आणि सरळ. त्यांनी पुढं काही म्हटलं नाही. खाटेजवळ येऊन बोळ्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "काढू का हे? दात ठणकतील नंतर." कोकिळानं मान हलवली. नको. "बरं, राहू दे," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेकडं वळल्या.

राहू दे म्हणाल्या. म्हणजे रागावल्या नाहीत. की आता न बोलता रागावल्या असतील? कोकिळाला काही उलगडेना. ओरडायचं नाही, हे तिनं इतकं पक्कं केलं होतं की ते ठरवलेलं वाटतच नव्हतं. हाडातच असल्यासारखं वाटत होतं. लिंबायतेकडच्या त्या खाडीकाठच्या वस्तीत ती लग्न होऊन आली तेव्हा संच्यांच्या खडखडाटानं तिला झोप येत नसे. शेजारीच यंत्रमागांचं खातं, रात्रंदिवस कापड विणणारं. नवरा गुलाब हसायचा. म्हणायचा, महिनाभरानं संचे बंद पडले तरच झोपमोड होईल तुझी. तसंच झालं होतं. आवाज आत मुरला की तो ऐकू येईनासा होतो. गप्प राहणंही तसंच तिच्यात मुरलं होतं, पहिल्या वेळेपासून.

पहिल्या वेळी ती मोठ्या दवाखान्यात होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सासूला, दुर्पताबाईंना, फाटकापाशीच थांबवलं होतं, आणि आत एका खोलीत कितीतरी बाया कळा देत होत्या, एकेका खाटेवर दोघी दोघी. कोकिळा तेव्हा ओरडली होती. मुद्दाम नाही, आवाज आपला आपण निघाला होता, उतू जाणाऱ्या दुधासारखा. तिथली आया हातातलं पातेलं आपटून म्हणाली होती, "तेव्हा गोड लागलं ना? मग आता कशाला बोंबलतेस?" आणि मांडीवर एक चापट. चापट फार जोरात नव्हती. तशी तर आईनं लहानपणी कितीदा मारली असेल. पण आजूबाजूच्या बाया हसल्या. त्याही कळा देत होत्या, त्यांचेही ओठ सुकले होते, तरी हसल्या. आया खूश राहावी म्हणून हसल्या. कोकिळाही हसली होती. हे तिला नंतर कितीदा आठवलं. मांडी चुरचुरत असताना ती त्या बाईकडं बघून हसली होती, चूक कबूल केल्यासारखी. त्यानंतर तिनं तोंडातून आवाज काढला नाही. मग कधीतरी, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं तेव्हा, तिला जाणवलं होतं की पोट शांत झालंय. दोन कळांच्या मधे आत जी चुळबुळ असायची, कोपर खुपायचं, टाच फिरायची, ती नाही. तिनं आयाला हाक मारली. म्हणाली, "बाई, पोट शांत झालंय हो." आया वळूनही न पाहता म्हणाली, "बरं झालं. आता तूही शांत राहा."

पोरगा होता. नाकडोळे गुलाबचे. रडला नाही. मग एकाएकी सगळे फार मवाळ बोलू लागले. त्याच आयानं तिच्या अंगावर चादर ओढली, कुणीतरी पाणी दिलं, एक डॉक्टर येऊन "अजून वय आहे तुझं" म्हणून गेला. त्या मवाळपणाचा तिला जास्त राग आला होता, पण राग येतो आहे हे कळायलासुद्धा तिला पुढं कित्येक महिने लागले. त्या वेळी कळलं ते एवढंच, की छाती दुधानं दगड झालीय आणि ते कुणाला सांगायचं तिला माहीत नाही.

वस्तीत बाया येऊन बसून गेल्या. नशीब म्हणाल्या. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घरोघर चालायचं, तसं त्या बोलतानाही हात चालू ठेवून बोलत. बेबीताईही आल्या. वस्तीतल्या आशा कार्यकर्त्या त्या. गल्लीतल्या प्रत्येक पोटुशीची खबर तिच्या नवऱ्याआधी त्यांना लागायची. त्यांनी विचारलं होतं, "तिथं वागवलं ना नीट?" कोकिळानं उत्तर दिलं होतं, "हो. चांगलं केलं सगळ्यांनी." शब्द कसा पटकन आला. चांगलं. दाराला कडी असते तसा हा शब्द गरिबाच्या तोंडाला असतो. कुणीही विचारलं की आधी तो लावून घ्यायचा, मग आत काय ते आपलं आपण. पाणी सोडणारा विचारो, रेशनवाला विचारो, चांगलं. उद्या पुन्हा त्यांच्याच दारात जायचं असतं. बेबीताई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या होत्या, आणि "बरं" म्हणून उठून गेल्या होत्या. आतल्या आत कोकिळाला एकच गोष्ट खात होती. पोट शांत झाल्याचं आपण एकदाच का सांगितलं? दुसऱ्यांदा का नाही? तिसऱ्यांदा का नाही? शांत राहा म्हटलं आणि आपण राहिलो. भाकरी थापताना, डबा भरताना, टिकलीवर टिकली लावताना, मधेच हात थांबायचा. एकदाच का?

"कोकिळे, झोपली का वं?" दुर्पताबाईंनी विचारलं. त्या खाटेच्या उशाशी स्टुलावर बसल्या होत्या. इथं घरचं एक माणूस आत चालतं, असं सकाळी ऊर्मिलाबेननी सांगितलं तेव्हा त्या गडबडूनच गेल्या होत्या. आत घेतलं म्हणजे काहीतरी काम असणार, असं समजून त्यांनी पदर खोचला होता. पण काम कसलंच नव्हतं. नुसतं बसायचं, हात धरायचा, पाठ चोळायची. पाच बाळंतपणं गावी दाईच्या हातून उरकलेल्या बाईला हे भलतंच वाटत होतं.

"नाही झोपले, आत्याबाई."

"मग डोळे मिटू नको. मला भ्या वाटतं."

"तुम्ही घाबरू नका, माजी," पलीकडून ऊर्मिलाबेन म्हणाल्या. "तुम्ही घाबरलात तर मला दोन पेशंट होतील. खाट एकच रिकामी आहे."

"मी कशाला घाबरू? पाच काढले मी. पाचवा तर शेतात. विळा बाजूला ठेवला अन् झाला."

"मग आज इथं विळा आणला नाहीत ना?"

दुर्पताबाई खुदकन हसल्या आणि लगेच पदर तोंडावर घेतला, दवाखान्यात हसणं शोभत नाही म्हणून. कोकिळाला पुन्हा नवल वाटलं. इथं चेष्टा चालते. हे प्रसूतिगृह महापालिकेच्या झोन ऑफिसाच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ, दोन वर्षांपूर्वीच उघडलेलं. यायचं तिच्या मनात नव्हतंच. दिवस राहिले तेव्हा तिनं ते सातव्या महिन्यापर्यंत ढगळ मॅक्सीखाली दडवलं होतं. बाळंतपण घरी करायचं, खाडीपलीकडच्या म्हाताऱ्या दाईला बोलवायचं, एवढं तिचं आणि सासूचं न बोलता ठरलं होतं. बेबीताईंनी एक दिवस नळावर गाठलं. "मॅक्सी बदललीस म्हणून चाल बदलते का ग? मला काय आंधळी समजलीस?" कोकिळा घागर उचलून निघाली, तर त्याही मागोमाग. दवाखान्याचं नाव काढताच कोकिळा म्हणाली, "मी येणार नाही." का, ते बेबीताईंनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "राहायला नको येऊ. नुसतं बघायला चल. दुकानात साडी बघतो तशी. नाही पसंत पडली तर उठून यायचं, आपल्याला कोण जबरदस्ती करतंय?" त्या बोलण्यालाच कोकिळा फसली. दवाखाना आपण पसंत करायचा असतो, ही गोष्टच तिला नवी होती.

बघायला आली तेव्हा ऊर्मिलाबेननी आधी पडदा ओढला होता. मग तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले होते आणि पोटाला लावायच्या आधी विचारलं होतं, "लावू?" कोकिळाला काय उत्तर द्यावं कळलं नव्हतं. आजवर तिला हात लावण्याआधी कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनं नाही, आयानं नाही, गुलाबनंही नाही. घरी जाताना बेबीताईंनी विचारलं, "काय मग, कशी वाटली साडी?" ती म्हणाली होती, "रंग बरा आहे. धुतल्यावर काय होतं ते बघायचं." तपासणीला माणसं एक असतात आणि कळा सुरू झाल्यावर दुसरी, हे तिनं धरून ठेवलं होतं. आजसुद्धा, पहाटे रिक्षातून उतरताना, ती ओढणीचं टोक चाचपत होती. तोंडात बोळा असला की आवाज जात नाही. आवाज गेला नाही की कुणाला आपली आठवण होत नाही, आणि आठवण झाली नाही की कुणी बोलत नाही.

एक कळ आली आणि गेली. मग दुसरी. वर पंखा फिरत होता, त्याच्या एका पात्याला जाळं लोंबत होतं, तेही फिरत होतं. बाहेर कुणीतरी मोपेड चालू करायला बघत होतं आणि ती चालू होत नव्हती. कोकिळा त्या आवाजाला चिकटून पडून राहिली. चालू होईल आता. आता होईल. आणि तो आवाज ऐकता ऐकता तिला आतली दुसरी गोष्ट ऐकू आली, म्हणजे ऐकू आली नाही. ती थिजली. कळ ओसरली होती. आता एक लाथ यायला हवी होती, उजव्या बाजूला, बरगडीखाली. गेले कितीतरी दिवस ती लाथ तिथंच येत होती, रागीट आणि हट्टी. तिनं हात तिथं नेला. वाट पाहिली. पोट होतं, घट्ट होतं, गरम होतं, पण आतलं कुणी दार बंद करून बसल्यासारखं झालं होतं. ती ही शांतता ओळखत होती. हिला तिनं अंधारातही ओळखलं असतं.

सांग. सांग त्यांना. ऊर्मिलाबेनची पाठ तिच्याकडं होती. त्या कोपऱ्यात नळाखाली हात धूत होत्या. आता सांगितलं आणि त्या वळल्या नाहीत तर? बरं झालं म्हणाल्या तर? सकाळपासून ज्या चांगुलपणाला ती दुरून, बोटाच्या टोकानं, शिवून पाहत होती, तो या एका वाक्यावर फुटला तर पुढं धरायला काय राहिलं? न सांगितलं तर निदान हे तरी राहील, की ऊर्मिलाबेन चांगल्या होत्या. कसला हा हिशेब करत होतं मन? आत जीव गुदमरत होता आणि मन एका बाईचं चांगलेपण सांभाळत बसलं होतं. तिला स्वतःचा इतका संताप आला, की तिनं तोंडातला बोळा ओढून काढला. "बेन," ती म्हणाली. आवाज घशातच राहिला. नळ वाहत होता. "बेन," पुन्हा. नळ वाहतच होता. हे दोनदा झालं, तिच्या मनात आलं. तेव्हा एकदाच सांगितलं होतं. आणि मग तिच्या बेंबीच्या देठापासून असा आवाज निघाला की दुर्पताबाई स्टुलावरून उठूनच उभ्या राहिल्या.

"बेन! पोट शांत झालंय!"

पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हायची थांबली. ऊर्मिलाबेन वळल्या तेव्हा त्यांच्या कोपरांवरून पाणी गळत होतं. नळ तसाच वाहत सोडून त्या आल्या.

"कधीपासून?"

एवढंच. कधीपासून. कोकिळाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. या प्रश्नाची ती चार वर्षं वाट पाहत होती, हे तिला तो प्रश्न ऐकताना समजलं.

"आत्ता. दोन कळांपासून. लाथ नाही आली."

"बरं केलंस सांगितलंस. डाव्या कुशीवर हो. माजी, हिला धरा. असं." त्यांनी पोटावर गार चिकट काहीतरी लावलं आणि एक छोटं यंत्र टेकवलं. यंत्र नुसतंच खरखरलं. त्यांनी ते खाली सरकवलं, आडवं नेलं, थांबवलं. खरखर. कोकिळा त्यांच्या चष्म्याकडं बघत होती. चष्म्यात पंखा फिरत होता. आणि मग खरखरीच्या खूप मागं, गल्लीच्या टोकाला दुसऱ्या कुणाच्या खात्यात एकच संचा चालू असावा तसं ऐकू आलं. खट. खट. खट.

"आहे," ऊर्मिलाबेन म्हणाल्या. "आहे तुझं बाळ. थोडं मंद आहे. दमलंय." मग मान मागं करून त्यांनी खणखणीत आवाजात डॉक्टरना हाक मारली.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, अर्धवट बांधलेल्या केसांनीच धावत आल्या. त्यांनी यंत्र ऐकलं, हात आत घालून तपासलं, दोघी एकमेकींशी भराभर गुजरातीत बोलल्या. त्या बोलण्यात एकशेआठ आलं आणि मोठ्या दवाखान्याचं नाव आलं. "तिथं नाही," कोकिळा म्हणाली. कुणी ऐकलं नसावं म्हणून तिनं ओरडून सांगितलं, "तिथं मी जाणार नाही!" आणि ओरडल्यावर अंग आवळून घेतलं, चापट येईल म्हणून.

डॉक्टर मॅडमनी तिच्या तोंडाजवळ तोंड आणलं. "ऐक. गाडी दारात उभी राहू दे, लागली तर लागली. जावं लागलं तर ऊर्मिलाबेन तुझ्याबरोबर येतील, आतपर्यंत. एकटी नाही सोडणार तुला. पण पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, मला वाटतं इथंच होईल. खाली जोर येतोय का तुला?"

"येतोय."

"मग आता तुझंच काम. कळ आली की हनुवटी छातीला लाव अन् लाव जोर. आणि ओरडायचं असेल तर ओरड, पण मधल्या वेळेत. जोर वाया घालवू नकोस."

नाकाला नळी लागली, तिच्यातून गार वारा आला. दुर्पताबाईंनी तिचा हात असा धरला की बांगडी रुतली. त्यांचं सगळं अवसान गळालं होतं. त्या मोठमोठ्यानं आपल्या गावच्या देवीला, कानबाईला, हाका मारत होत्या. "कानबाई माय, पदर पसरते, एवढं पार पाड. रोट करते तुझे, पायी येते वं माय." आणि ऊर्मिलाबेन म्हणत होत्या, "बोलवा, बोलवा, त्यांनाही बोलवा, हात कमीच पडतायत इथं."

कळ आली. ती ओळखीची राहिली नव्हती. आता तिला चालही नव्हती, ती सगळीकडून एकदम आली. कोकिळानं जोर लावला. आणि जोर संपला तसा आवाज निघाला. तिचा आवाज असा आहे हे तिला माहीत नव्हतं. जाड, खरबरीत, बाप्यासारखा. त्यात शब्द नव्हते, पण तो काय म्हणतोय ते तिला कळत होतं. तो त्या खोलीत फिरत होता जिथं एका खाटेवर दोघी दोघी होत्या. तो पातेल्यावर आदळत होता, हसणाऱ्या बायांच्या सुकल्या ओठांवरून जात होता, फाटकापाशी दिवसभर उभ्या असलेल्या दुर्पताबाईंपर्यंत पोचत होता. जे तेव्हा आत राहिलं होतं ते बाहेर पडायला दुसरं मूल यावं लागलं होतं. मग पुन्हा कळ, पुन्हा जोर, पुन्हा तो आवाज. मधे यंत्रातली खटखट. मधे ऊर्मिलाबेन, "अस्सं. अस्सं माझी वाघीण. डोकं दिसतंय, काळंभोर." मग अचानक, "थांब. जोर नको. फू फू कर. तोंडानं." कोकिळा थांबली. खाली कुणाची तरी बोटं भराभर काहीतरी सोडवत होती. "नाळेचा वेढा होता," ऊर्मिलाबेन कुणाला तरी म्हणाल्या. "निघाला." आणि एक मोठं, ओलं, निसरडं ओझं तिच्यातून सुटून गेलं, आणि सगळं गप्प झालं.

कुणी रडलं नाही. कोकिळानं मान उचलली. ऊर्मिलाबेनच्या हातातल्या टॉवेलात काहीतरी निळसर होतं. त्या ते घासत होत्या, पाठ घासत होत्या, जणू तांब्याचं भांडं लख्ख करतायत. डॉक्टर मॅडमनी नळीनं तोंडातलं ओढून घेतलं. टाचेवर टिचकी मारली. कानबाईचं नाव थांबलं होतं. बाहेर ती मोपेड शेवटी चालू झाली आणि दूर गेली, तेवढ्या अवकाशात कोकिळाच्या मनात काहीच नव्हतं, भीतीसुद्धा नव्हती, एक पांढरी रिकामी भिंत होती. मग टॉवेलातून मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला. थांबला. आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना.

"पोरगी," ऊर्मिलाबेननी सांगितलं आणि ती तशीच, ओली, तिच्या छातीवर ठेवली. अंग गरम होतं. किती गरम. कोकिळानं दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले आणि त्या इवल्याशा पाठीखाली भरभर चाललेलं तिला हाताला लागलं. पोरगी तोंड वासून, लाल होऊन, गळा फाडत होती. कोकिळाला भीती होती ती सासूची. पोरगी म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल याची. दुर्पताबाई वाकून बघत होत्या. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. "काय गळा आहे वं," त्या म्हणाल्या. "डिट्टो आईवर गेली. दोघींनी मिळून माझे कान किटवले." आणि त्या हसायला लागल्या, या वेळी पदर न घेता.

मग टाके घालायचे होते. खाटेभोवतीची गर्दी पांगली, गाडी परत पाठवली, दुर्पताबाई गुलाबला निरोप द्यायला बाहेर गेल्या. पोरगी छातीला लागून चुटूचुटू ओढत होती. ऊर्मिलाबेन खाली वाकून दोरा ओढत होत्या. कोकिळा रडत होती. सुखाचं रडू नव्हतं ते, आणि दुःखाचंही म्हणता आलं नसतं. भरलेला माठ कलंडून पाणी वाटेल तिकडं वाहावं तसं ते वाहत होतं.

"दुखतंय का? सुईचं औषध दिलंय मी."

"दुखत नाही." मग ती म्हणाली, "पहिल्या वेळीपण असंच शांत झालं होतं."

ऊर्मिलाबेनचा हात थांबला. "मग?"

"मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. मी एकदाच सांगितलं."

ऊर्मिलाबेननी चष्मा मनगटानं वर ढकलला. नशीब म्हणाल्या नाहीत. देवाची मर्जी म्हणाल्या नाहीत. "सांगितलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुझं काम तू केलं होतंस, बेटा. ऐकायचं काम त्यांचं होतं."

आणि त्यांनी पुढचा टाका घातला. कोकिळा छताकडं बघत राहिली. त्या वाक्याला शेपूट नव्हतं. ते होतं तेवढंच होतं. तिनं ते हळूच आपल्याशी म्हणून पाहिलं, मग पुन्हा म्हणून पाहिलं, आणि छातीवरचं काहीतरी, जे बाळाच्या वजनाखाली इतका वेळ लक्षातच आलं नव्हतं, हलकं होत गेलं. तिला झोप लागली. मधे कुणी बाळ उचललं, कुणी चादर घातली, तिला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब पाळी संपवून थेट आला. केसांत, भुवयांत धाग्यांचा भुसा. शिऱ्याचा डबा हातात धरून तो दाराशीच उभा राहिला, आत येऊ का म्हणून डोळ्यांनी विचारत. पोरीला घ्यायला त्यानं हात पुढं केले, मग ते बघून पुसले, मग पुन्हा पुसले. "रडली म्हणे लगेच," तो म्हणाला. "रडली," कोकिळा म्हणाली. दुर्पताबाई एव्हाना सगळ्या वॉर्डात ओळखी करून बसल्या होत्या आणि कालची हकीकत तिसऱ्यांदा सांगत होत्या. तिच्यात आता कानबाई आणि ऊर्मिलाबेन खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी आली. धारा तिचं नाव. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी, बोलायला जरा बुजरी. दवाखान्यातल्या सेवेबद्दल बाळंतिणींना काय वाटतं ते विचारत ती खाटेखाटेशी थांबत होती. पहिल्या खाटेवरची म्हणाली, सारू, म्हणजे चांगलं. दुसरीनं विचारायच्या आधीच मान डोलावली, सारू, बहु सारू. तिसरीच्या सासूनं सुनेच्या वतीनं सांगितलं. धारा कोकिळाच्या खाटेशी आली.

"ताई, इथं समाधान वाटलं का तुम्हाला?"

समाधान. कोकिळानं कुशीतल्या पोरीकडं पाहिलं. पोरीच्या नाकावर पांढरे बारीक ठिपके होते. चांगलं, हा शब्द ओठांपर्यंत येऊन उभा राहिला, नेहमीसारखा. या वेळी तर तो खराही होता. पण तो म्हणायची घाई होत नव्हती. दारात ऊर्मिलाबेन नव्या आलेल्या एका बाईची पाठ चोळत उभ्या होत्या. इथं काही बोललं तर उद्या काय होईल, ही भीती कोकिळा सवयीनं शोधायला गेली, आणि ती जागेवर नव्हती.

"सकाळचा चहा गार होता," ती म्हणाली.

दुर्पताबाईंनी तिच्या मांडीला चिमटा काढला. गुलाब डब्याच्या झाकणाकडं बघू लागला. शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर उठून बसली. धारा गोंधळली. तिला हे उत्तर आजवर कुणी दिलं नसावं. "हे... लिहू का मी?"

"लिही ना. आणि मोरीच्या दाराला आतून कडी नाही. एकीनं बाहेर उभं राहावं लागतं."

"होय बाई, ते खरं," शेजारची म्हणाली. "मी काल किती वेळ दार धरून बसले."

दारातून ऊर्मिलाबेन हसत म्हणाल्या, "दोन महिने मी ओरडतेय त्या कडीसाठी. माझं कोण ऐकतं? आता तुम्ही ओरडा."

धारानं ते लिहून घेतलं आणि मान वर केली. "अजून काही सांगायचंय, ताई?"

"आहे की," कोकिळा म्हणाली. "पण ते इथलं नाही, दुसऱ्या दवाखान्यातलं आहे. चार वर्षं झाली." तिनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं, उशी पाठीशी नीट लावली आणि दुर्पताबाईंचं स्टूल पायानं पुढं सरकवलं. "तू बस आधी. उभ्या उभ्या ऐकायचं नाही ते."